रिकामी दिसते ती डिस्क

३ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालतात. तुझ्या आईचं पथ्य चालू आहे की पथ्यावर नुसतं बोलणं चालू आहे, ते कळव.

फोन सोडून पत्र का, हे तुला सांगायला नको. तुझ्या काकांचा आवाज गेल्यापासून आपल्यात पत्रांचीच सवय पडली. ते गेले, सवय राहिली. शिवाय तुझी आई फोनला चिकटूनच बसलेली असते, आणि हे तिच्या कानावर गेलं की दिवस मावळायच्या आत सगळ्या गोतावळ्यात जाईल.

काकांच्या आवाजाची डिस्क उघडत नाहीये.

घशाच्या ऑपरेशनआधी कॉम्प्युटरपुढे बसून ते जे जे बोलले, ते सगळं त्या काळ्या डबीत आहे. ती तूच त्यांना आणून दिली होतीस. रोज दुपारी भांडी आवरली की मी थोडं थोडं ऐकते. महिनाअखेर दादा बाळाला घेऊन येतोय. त्याने कळवलंय की त्याला सगळ्याची प्रत हवी, पोरीला आजोबांचा आवाज ऐकवायचा आहे. म्हणून मी ते नीट लावायला घेतलं. फोल्डर केले, प्रत्येकाला नाव दिलं, इकडचं तिकडे हलवलं. मशीन म्हणालं, झालं. मी लगेच डिस्कचा प्लग भिंतीतून ओढला. आपल्या घरचा नियम तुला ठाऊक आहे. वायरमनचं घर, काम संपलं की प्लग बाहेर. एका गिऱ्हाईकाचं जळून कोळसा झालेलं घर बघून आल्यापासून काकांनी एकही प्लग भिंतीत राहू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी डिस्क लावली तर दिवा लागतो, आत काहीतरी फिरतंय ते ऐकू येतं, पण दिसत काहीच नाही. मी त्याला दुसरं काहीही केलेलं नाही. काय सुचतं ते लवकर कळव. दादाला यातलं अक्षरही सांगू नकोस.

माया आहे तशी असू दे.

तुझी मावशी


८ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आजच मिळालं. आईने पाकीट उजेडाकडे धरून पाहिलं, पण तुझं अक्षर इतकं दाट आहे की तिला काही लागलं नाही.

आधी प्लगचं सांगते. कॉम्प्युटर चालवणारा जो मुख्य प्रोग्रॅम असतो, ऑपरेटिंग सिस्टीम, तो तुमच्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालांसारखा समज. डिस्क म्हणजे त्यांची कपाटं. आपण पुस्तक परत दिलं की ते "झालं" म्हणतात, पण पुस्तक लगेच कपाटात जात नाही. ते टेबलावर ठेवतात, आणि सवड झाली की चार-पाच एकदम नेऊन लावतात. वेळ वाचतो म्हणून. कॉम्प्युटरही तसंच करतो. "झालं" म्हणाला तेव्हा काम अजून त्याच्या टेबलावर होतं. तू प्लग ओढलास, म्हणजे त्याचे दोन्ही हात भरलेले असताना कपाटांच्या खोलीला कुलूप घातलंस. नेमकं तेव्हा तो कुठलं पुस्तक कुठे आहे ती यादी बदलत होता. यादी अर्धवट राहिली, म्हणून आता त्याला काही सापडत नाही.

अशा डिस्क आमच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात रोज येतात. घाबरू नकोस. पण एक सांग. अशा वेळी कॉम्प्युटर काहीतरी विचारतो. त्याने विचारलं असेलच. तू काय दाबलंस? डॉक्टरला आणि आमच्यासारख्यांना खरं सांगावं मावशी, नाहीतर औषध चुकतं. "दुसरं काहीही केलेलं नाही" हे वाक्य माझ्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं.

तोवर डिस्कला हात लावू नकोस.

आशीर्वाद असू द्यावा. रागावलीस तरी चालेल, उत्तर मात्र दे.

तुझी खार


१३ मार्च

चि. खारूताईस,
आशीर्वाद.

माझ्याकडून सत्य काढायची तुझी रीत अगदी काकांची आहे. फ्यूज गेला की ते असंच विचारायचे, कोणी काय लावलं होतं. कोणीच काही लावलेलं नसायचं, आणि इस्त्री गरम असायची.

मशीनने विचारलं होतं. डिस्क वापरायची तर फॉर्मॅट करावी लागेल, करू का? खाली लिहिलं होतं की तिच्यातलं सगळं पुसलं जाईल. मी ते दोनदा वाचलं. मी शाळेत फार गेले नाही, पण वाचायला शिकले तेव्हापासून लिहिलेलं शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सोडत नाही, तुला माहीत आहे. वाचलं आणि मनात आलं, आत काही दिसतच नाही तर पुसणार काय? उलट डिस्क नीट उघडली तर कुठेतरी कोपऱ्यात ते सापडतील. मी "हो" दाबलं. क्षणात काम झालं. डिस्क उघडली, धुतलेल्या ताटासारखी.

तेव्हापासून मला घास जात नाही. कॉम्प्युटरवर कापड टाकून ठेवलंय, तरी त्या खोलीत गेलं की तिकडे पाठ करून उभी राहते. माणूस गेला तेव्हा सगळे म्हणाले, तुझा काही दोष नाही. आता तो दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी माझ्या बोटाने गेला. दादा दारात आला की त्याच्या हातात काय ठेवू?

ग्रंथपालांकडून कॉम्प्युटरवरचं एक पुस्तक आणलंय. त्यात लिहिलंय की एक फाईल एकाच जागी ठेवत नाहीत, तुकडे करून जिथे रिकामी जागा मिळेल तिथे ठेवतात. मग ते जोडतं कोण? आणि असं बघ, फॉर्मॅट झालेल्या डिस्कवर नंतर एखादी लहानशी गोष्ट ठेवली, तर काही बिघडतं का? सहज विचारते.

तुझ्या आईला नमस्कार सांग. तिने काही विचारलं तर गुडघ्यांचं सांग.

जीव लावून आहेस, तसाच लावून राहा.

तुझी मावशी


१७ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू खरं सांगितलंस हे फार बरं केलंस, कारण आशा आहे.

काम क्षणात झालं ना? म्हणजे तू झटपट फॉर्मॅट केलंस. त्यात कपाटांना कोणी हात लावत नाही. ग्रंथपाल फक्त जुनी यादी टाकून देतो आणि टेबलावर कोरी यादी ठेवतो. पुस्तकं जिथल्या तिथे असतात. यादीत नाव नाही, म्हणून त्याच्या लेखी कपाटं रिकामी, एवढंच. तुकडे जोडण्याचं कामही यादीच करते. पहिला तुकडा इथे, पुढचा तिथे, असं तिच्यात टिपलेलं असतं. यादी नसेल तर आम्ही कपाटामागून कपाट उघडून पानं हातात घेतो आणि कुठलं कशाला लागतं ते पाहतो. वेळखाऊ काम आहे, पण होतं. आणखी एक नशीब म्हणजे तुझी डिस्क जुन्या पद्धतीची आहे, आत तबकडी फिरते ती. नव्या पद्धतीच्या डिस्क पुष्कळदा रिकाम्या म्हटलेल्या जागा लगेच खरोखरच साफ करून टाकतात. तिथे मी काही करू शकले नसते.

आता भीती कशाची ते ऐक. ग्रंथपालाला वाटतंय कपाटं रिकामी आहेत. तू नवीन काही दिलंस की तो ते बिनदिक्कत जुन्या पुस्तकाच्या जागी ठेवणार. आणि त्या जागेवरचं जुनं मग कोणालाच परत आणता येत नाही. मला नाही, आमच्या साहेबांना नाही, जगात कोणालाच नाही.

मावशी, तू काही "सहज" विचारत नाहीस. भाजी महाग झाली का हेसुद्धा तू सहज विचारत नाहीस. काय ठेवलंस डिस्कवर?

आहे तशी डिस्क मऊ टॉवेलमध्ये गुंडाळून कुरिअरने दुकानाच्या पत्त्यावर पाठव. घरच्या पत्त्यावर नको, आई उघडेल.

पाठीवर हात असू दे. मला भीती वाटते आहे, म्हणून जरा जोराने लिहिलंय.

तुझी खार


२१ मार्च

चि. खारूताईस,
आशीर्वाद.

डिस्क आज पाठवली. तुझ्या काकांचा लोकरी मफलर आहे तिच्याभोवती, टॉवेलपेक्षा मऊ. कुरिअरवाल्याने आत काय आहे विचारलं. काय लिहायचं ते मला सुचेना, त्याने आपल्या मनाने "जुनं सामान" लिहिलं.

आता राहिलेलं सांगते. फॉर्मॅट केल्यावर मी बराच वेळ पडद्यावरच्या त्या कोऱ्या खिडकीकडे बघत बसले. मग वाटलं, मला तर सगळं पाठ आहे. रोज ऐकत आले. आज आठवतंय, उद्या यातलं काय उरेल कोण जाणे. म्हणून त्यांचाच माइक जोडला आणि त्यांनी पहिल्या दिवशी जे सांगितलं होतं ते, त्यांच्याच शब्दांत, जसंच्या तसं मी बोलले. फ्यूज कसा बदलायचा. ओल्या हाताने बटण का दाबू नये. त्या अंधारवाल्या गिऱ्हाईकाचा किस्सा. थांबत थांबत, जिथे ते थांबले होते तिथे थांबून. दुपार सरली. आणि जिथे त्यांचं होतं तिथेच असावं म्हणून ते त्याच डिस्कवर ठेवलं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. म्हणजे त्यांना जपायला म्हणून जे बोलले, तेच मी त्यांच्या तोंडावर ठेवलं.

दादा एकतीस तारखेला येतोय. काय निघेल, काय नाही, जे असेल ते स्पष्ट लिही. मला सांभाळून घेऊ नकोस. सांभाळून घेतलेलं मला लगेच कळतं, आणि मग जास्त लागतं.

वाट बघते आहे. एवढीच आज माया समज.

तुझी मावशी


२७ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

स्पष्ट लिहायला सांगितलंस, म्हणून आधी मोठं ते सांगते. काका निघाले. जवळजवळ सगळे निघाले.

मूळ डिस्कला हात न लावता आधी तिची जशीच्या तशी प्रत घेतली, आणि त्या प्रतीतून तुकडे शोधत बसले. पहिला तुकडा कानाला लागला तेव्हा काका अर्थिंगच्या वायरवरून कोणालातरी झापत होते. मी हेडफोन लावलेले होते, तरी शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, कोण ओरडतंय, उभी का राहिलीस? मावशी, मी खरंच उठून उभी राहिले होते. लहानपणी राहायचे तशी.

आता गेलं ते. ग्रंथपालाने तुझं बोलणं नेमकं काकांच्या पहिल्या दिवसाच्या जागी ठेवलं. कोऱ्या यादीत पहिली रिकामी दिसली ती तीच जागा. त्या दिवसाचा सुरुवातीचा थोडा भाग उरला आहे. फ्यूज बदलायच्या मध्येच काका तुटतात. पुढचं गेलं, ते परत येणार नाही.

मग मी तुझं ऐकलं. तुटलेल्या जागेपासून तू पुढे शब्दाला शब्द लावून बोलली आहेस. ज्या गिऱ्हाईकाच्या घरी नवी वायरिंग झाली, सगळे दिवे लावून दाखवले, आणि तो म्हणाला, "आता बंद केल्यावर अंधारही नीट पडतो का ते दाखवा," तो किस्सा तू त्यांच्याच थाटात सांगितलास. आणि मग म्हणालीस, "इथे ते हसतात." आणि गप्प बसलीस. तितकाच वेळ, जितका वेळ ते हसत असतील. मग पुढे बोलायला लागलीस.

सगळ्या डिस्कभर शोधलं मावशी. दुसरीकडे कुठेही ते हसलेले नाहीत. ओरडलेत, समजावलंय, खोकलेत, पण हसणं त्या एकाच जागी होतं. ते मला आणता आलं नाही. तू म्हणालीस सांभाळून घेऊ नकोस, म्हणून लिहिलं.

नवीन डिस्कवर सगळं क्रमाने लावून पाठवते आहे. एक प्रत माझ्याकडे, एक दादासाठी. एकाच जागी ठेवायचं दुकान आता बंद. पहिल्या दिवसात तुटलेल्या जागेनंतर तुझा आवाज जोडला आहे. नको असेल तर कळव, कापून टाकते. मला विचारशील तर राहू दे.

मफलर परत पाठवत नाही. आणायला ये, आणि चार दिवस राहा.

तुझी खार


२ एप्रिल

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद, आणि पाठीवर एक थाप.

पार्सल वेळेवर आलं. दादा आला त्या दिवशी मी त्याला पाणी दिलं, बसवलं, आणि काही लावायच्या आधी सगळं सांगून टाकलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, त्याच दिवशी मला फोन का नाही केलास? मी म्हटलं, तुला भ्याले. तो म्हणाला, मला कोणी भीत नाही, ऑफिसातला शिपाईसुद्धा भीत नाही. मग जरा बरं वाटलं.

त्याने पोरीला मांडीवर घेतलं आणि आम्ही पहिला दिवस लावला. काका बोलले, तुटले. मग मी. स्वतःचा आवाज ऐकायला मला कसंतरीच झालं, उठून जावंसं वाटलं. पण बसले. किस्सा झाला. "इथे ते हसतात" झालं. आणि ती मोकळी जागा आली.

त्या जागेत दादा हसला. त्याला तो किस्सा लहानपणापासून पाठ, तरी हसला. शेवटी श्वास अडकून काकांची एक बारीक शीळ वाजायची ना, तशी वाजवून. त्याला स्वतःला ते माहीत नाही. मी सांगितलंही नाही. बाळ इतका वेळ डबीकडे बघत होतं, ते मान वर करून बापाच्या तोंडाकडे बघायला लागलं.

तेव्हा कापू नकोस. जसं आहे तसं राहू दे, ती मोकळी जागासुद्धा.

ऐकून संपल्यावर दादा सवयीने उठला आणि त्याचा हात भिंतीतल्या प्लगकडे गेला. वायरमनचाच मुलगा. मी त्याचं मनगट धरलं. मशीनला रीतसर सांगितलं की डिस्क काढायची आहे, आणि त्याच्या टेबलावरचं आवरून होईतो आम्ही तिघं बघत बसलो. काढायला हरकत नाही असं ते म्हणालं. मग मी म्हटलं, आता काढ.

मफलर न्यायला पुढच्या आठवड्यात येते. तुझ्या आईला सगळं मीच सांगेन, तू आधी सांगून मजा घालवू नकोस.

माझ्या मायेची प्रत तुझ्याकडेही आहे. ती जप.

तुझी मावशी