पहिल्या बाकावर

अहो,

रात्रपाळीवरून आलात की जेवून घ्या, झाकून ठेवलंय. मी चर्चला गेलेय.

काल पाळकसाहेबांसमोर तुम्ही म्हणालात, "पोरगी गेल्यापासून ही ख्रिस्ती राहिलेलीच नाही." मी आत चहा गाळत होते. सगळं ऐकलं.

माझी आई आजारी पडली तेव्हा मी गुडघे टेकून प्रार्थना केली. ती गेली. मग आपली सोनी तापाने फणफणली, तेव्हा तर गुडघे सोलवटले. तरी देवाने तिलाही नेलं. त्यानंतर आठ महिने मी चर्चची पायरी चढले नाही, हे खरं. पण रोज शिलाई मशीनवर बसून त्याच्याशी कडाकडा भांडतेय, ते तुम्हाला दिसलं नाही. परक्याशी कुणी एवढं भांडतं का?

आज समोर जाऊन भांडणार आहे. पहिल्या बाकावर बसेन. गाणार नाही, आमेनही म्हणणार नाही. पण प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेईन. मी त्याच्या घरची आहे, कुणी उठवून तर दाखवावं!

यायचं असेल तर या. फक्त मला चिकटून बसू नका. मधे सोनीची जागा सोडा.