फ्रिजला टेकलेले बाबा

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात बसूनच केला आहे. मी सध्या इस्त्रीच्या टेबलावर झोपतो, त्यामुळे पाठ वाकत नाही. भावना आडवी आहे असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही, खरोखर विचारतो आहे, कारण या पत्रात जे काही येणार आहे त्याची सुरुवात तुझ्या गुडघ्यापासून होते. त्या रविवारी तो दुखला नसता तर आई-बाबा अर्ध्या वाटेतून परत न फिरता ठरल्याप्रमाणे तुझ्याकडे जेवायला आले असते, आमचं घर रिकामं राहिलं असतं आणि मी हे पत्र बंद पडलेल्या लाँड्रीतून नव्हे, माझ्या खोलीतून लिहीत असतो. (फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतेस. पत्र तुला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.) गुडघ्यावर माझा राग नाही. ज्यांच्यावर आहे ते पुढे येतीलच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना उगाच आशा लावून बसायला नको. मी माफी मागणार नाही. कॉलेजात परत जाणार नाही. आणि बाबांचं माझ्याबद्दल काय मत आहे याच्याशी मला काडीचंही देणंघेणं नाही. हे तीन मुद्दे सोडून तू मला काहीही समजाव.

कॉलेज मी कोणापायी सोडलेलं नाही, हेही इथेच नोंदवतो, कारण घरात वेगळंच चालू आहे. आमचे सर शिकवत होते की, यंत्रातून दोन गोष्टी येतात, एक हवा असलेला आवाज आणि दुसरी नको असलेली खरखर, आणि हुशार माणसाचं काम म्हणजे ती खरखर काढून टाकणं. मी उभा राहून विचारलं, सर, नको कोणाला? त्यांनी मला वर्गाबाहेर व्हायला सांगितलं. मी झालो. परत कधी आत यायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढंच झालं. याला कोणी कॉलेज सोडणं म्हणत असेल तर म्हणो.

मागे तू विचारलं होतंस की नक्की करतोस काय, लग्नात गाणी लावतोस का. नाही, आत्या. आम्ही गाणी लावत नाही. आम्ही आवाज ऐकवतो. उघडल्यावर केविलवाणं गाणं म्हणणारी शुभेच्छापत्रं असतात ना, त्यांच्या पोटात एक पितळी चकती असते. तीच चकती उलटी जोडली की गाण्याऐवजी ऐकायला लागते. ज्याला चिकटवावी त्याच्या अंगातलं ऐकते, हवेतलं बोलणं तिला जवळपास कळत नाही. पाण्याच्या पाइपला चिकटवली की कुणीतरी घसा खाकरत लांबचा जिना उतरतंय असं वाटतं. लहानपणी मी तुझ्या स्वयंपाकघरातली भांडी उपडी घालून एकेक ठोकत बसायचो आणि तू मला ठोक्या नाव ठेवलंस, तेव्हाच हे सुरू झालं होतं. तेव्हा तुला कौतुक होतं. तेच मी आता तारा जोडून केलं की आई म्हणते, संपलं का तुझं घुंघुं.

आमचा गट तिघांचा. आवाज माझे. यंत्र जोडणं आणि तत्त्वज्ञान दाढीचं. (त्याला नाव आहे, पण दाढी आधी दिसते.) आणि पडद्यावरची चित्रं तिची. तिच्याबद्दल मी फारसं लिहीत नाही. इतकंच सांगतो की तिच्या प्रोजेक्टरचा पंखा सुरू होताना जो आवाज करतो तसा जगातला दुसरा कुठलाही पंखा करत नाही, तिच्या डाव्या चपलेची कुरकुर मी रस्त्याच्या पलीकडून ओळखतो आणि तिची शिंक माझ्या संग्रहात आहे. (विचारून घेतली आहे.) या सगळ्यावरून कोणी भलते निष्कर्ष काढू नयेत.

तर आम्ही एक प्रयोग बसवला. नाव, 'घरी कोणी नाही'. कल्पना अशी की, माणसं नसताना घर काय बोलतं ते लोकांनी त्याच क्षणी, लांबून ऐकायचं. आमच्या घरातल्या फ्रिजला, पाइपला आणि खिडकीच्या काचेला मी चकत्या चिकटवल्या, फ्रिजच्या मागे जुना फोन चार्जरला लावून ठेवला आणि आवाज तिकडून इकडे, लाँड्रीत. लाँड्री यासाठी की तिच्या भिंतींना छतापर्यंत पांढऱ्या टाइल्स आहेत, तिथे टाचणी पडली तरी ती जड असल्यासारखी पडते. त्या टाइल्सवर ती प्रोजेक्टरने एक पांढरं वर्तुळ सोडणार होती, आवाज वाढला की वाढणारं, कमी झाला की आक्रसणारं. आणि दाढीचा नियम होता की घरून जे येईल ते येऊ द्यायचं, हात लावायचा नाही, आवाज कमी करणं म्हणजे खोटं बोलणं. हा नियम मला इतका पटला, आत्या, की मी त्याच्यापुढे गेलो. प्रयोग सुरू होताना मी सगळ्यांदेखत आमच्या यंत्राची आवाजाची खुंटी उपटली (यंत्र घरी बनवलेलं आहे, खुंटी एकच) आणि पहिल्या रांगेत बसलेल्या एका पोक्त बाईंच्या हातात दिली. म्हटलं, आता हे माझ्या हातात नाही. टाळ्या पडल्या. तिनेही वाजवल्या, मी बघितलं.

सुरुवात फार सुंदर झाली. फ्रिजची घरघर, पाइपातला जिना, काचेवर कसलीशी थरथर. वर्तुळ श्वास घेतल्यासारखं हलत होतं. लोक डोळे मिटून बसले होते. आणि मग कडी वाजली. मला वाटलं शेजाऱ्यांची असेल. मग दार लागलं. मग फ्रिजच्या घरघरीचा सूर एकदम खाली उतरला, जसा कोणीतरी त्याच्या अंगावर भार टाकल्यावर उतरतो, आणि मला घाम फुटला. कारण आमच्या घरात फ्रिजला पाठ टेकून उभं राहणारा माणूस एकच आहे. तुझा भाऊ. तूच सांगायचीस ना, फ्रिज नव्हता तेव्हा कपाटाला टेकायचा, पाठीला आधार असल्याशिवाय त्याला राग नीट येत नाही.

आता बाबांचा आवाज तुला मी सांगायला नको. माणूस इतकी वर्षं कोर्टाच्या व्हरांड्यात उभा राहून पक्षकारांची नावं पुकारतो. तो आवाज छातीतून पाठीत, पाठीतून फ्रिजमध्ये, फ्रिजमधून चकतीत आणि तिथून लाँड्रीच्या चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमध्ये आला. वर्तुळ एका झटक्यात भिंत ओलांडून छतावर गेलं. आई समोर उभी राहून बोलत असणार, पण ती कशाला टेकलेली नव्हती, म्हणून तिचं काहीच ऐकू आलं नाही. म्हणजे प्रेक्षकांना बाबा, मग नुसती घरघर, मग पुन्हा बाबा, असं ऐकू येत होतं. (त्या मधल्या जागांचं नंतर फार कौतुक झालं.)

पहिलं वाक्य तुझ्याबद्दल होतं. ताईचा गुडघा बरोबर जेवायच्या दिवशी कसा दुखतो. हे मी गाळणार होतो, पण आमचा नियम तुला सांगितलाच आहे.

मग माझा नंबर लागला. "आहे कुठे तुझं रत्न? (घरघर.) लाँड्रीत? इंजिनियर करायला निघालो होतो आपण, इस्त्रीवाला तरी होतोय का बघ. (घरघर.) मला माहीत नाही होय कॉलेज कशापायी सोडलं ते? त्या पडद्यावर चित्रं सोडणाऱ्या पोरीपायी. (घरघर.) हळू कशाला बोलू? घरात कोण आहे ऐकायला?"

लाँड्री हसली. सगळी लाँड्री. मी पहिल्या रांगेतल्या बाईंकडे धावलो आणि हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खुंटी पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली. कला लोकांच्या हातात दिली की असं होतं, आणि तरीही ती लोकांच्याच हातात असायला हवी असं माझं अजून मत आहे. तार का उपटली नाहीस, असं तू विचारशीलच. नियम माझ्याच तोंडून जाहीर झाला होता. आपल्या खानदानात शब्द मागे घेतात का, हे तू मला सांग.

तर बाबा पुढे बोलले. "सोडलं ते सोडलं, निदान त्या पोरीला सांगायचं तरी. तेही नाही. तिचा विषय निघाला की पाण्याच्या पेल्यात तोंड घालून बसतो." इथे बरीच घरघर आली. आई काहीतरी लांबलचक बोलली असणार, कारण पुढचं वाक्य बाबांनी पुकारल्यासारखं म्हटलं नाही. ते असं म्हणाले, "पोरगं वाईट नाही गं. कान आहे त्याला. पण"

आणि फ्रिजचं दार उघडलं. आईला दूध आत ठेवायचं होतं म्हणून तिने त्यांना बाजूला केलं. पाठ सुटली, आवाज गेला. बाटल्या किणकिणल्या, दार लागलं आणि उरली ती घरघर. सगळी लाँड्री पुढे झुकून बसली होती. कोणी खोकलं नाही. शेवटी फ्रिजची मोटरही खट् करून बंद पडली, वर्तुळाचा ठिपका झाला आणि ठिपका गेला. मग टाळ्या इतक्या झाल्या की दाढीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या बाईंनी खुंटी परत देताना मला एवढंच विचारलं, "पण काय?"

मग प्रोजेक्टरची तार गुंडाळत ती माझ्यापर्यंत आली. म्हणाली, हे खरं आहे का? मी म्हणालो, कॉलेजचं साफ खोटं आहे. ती म्हणाली, आणि बाकीचं? मी म्हणालो, बाकीचं फ्रिज बोलला. ती म्हणाली, "मी फ्रिजला विचारत नाहीये."

इथे दुसरा एखादा असता तर सरळ हो म्हणाला असता. मी तसा नाही. मी तिला आधी हे समजावून सांगितलं की माणसाचं खाजगी मत आणि सार्वजनिक ध्वनी यांत फरक असतो, की बाबांच्या मतांची जबाबदारी माझ्यावर नाही, की मी कोणालाही घाबरत नाही, आणि बोलता बोलता मी टेबलावर ठेवलेला पाण्याचा पेला उचलला. तिने पेल्याकडे बघितलं. मी तो तसाच खाली ठेवला. ती प्रोजेक्टरला झाकण लावत म्हणाली, "तुझे बाबा बोलत होते तोवर सगळं कळत होतं. त्या 'पण'च्या पुढे काय आहे ते विचारून ये. तुझ्याबद्दल आहे आणि तुलाच माहीत नाही." आणि डावी चप्पल कुरकुरत गेली.

त्याच पावली घरी गेलो आणि बॅग भरली. बाबा दारात येऊन म्हणाले, "अरे, पण मी केलं काय?" मी म्हणालो, तुम्हाला चांगलं माहीत आहे. (त्यांना काहीच माहीत नाही. चकत्यांबद्दल घरात कोणाला माहीत नाही.) ते म्हणाले, "कोर्टातसुद्धा आधी आरोप वाचून दाखवतात." मी बॅग खांद्याला लावली. तेव्हापासून इथे आहे, मजेत आहे, आणि पुन्हा सांगतो, माघार घेणार नाही. दाढी प्रयोग पुन्हा लावायचा म्हणतो, बाबांना गटाचे सभासद करून घेऊ म्हणतो. मी त्याला सांगितलं, माझ्या प्रेतावरून. तो म्हणाला, तोही आवाज चांगला येईल.

पत्र लांबलं. गुडघ्याला शेक दे, औषध चुकवू नकोस आणि माझी काळजी तर अजिबात करू नकोस.

सध्या कोणाचाच नसलेला, तुझा
ठोक्या

ता. क. हे पत्र बाबांना दाखवू नकोस. दाखवायचंच झालं तर जिथे मी त्यांचा आवाज भिंत ओलांडून छतावर गेल्याचं लिहिलं आहे तेवढं दाखव. तू तुझ्या मनाने दाखवलंस असं म्हण.

ता. क. दुसरा. बाबांच्या मताशी मला देणंघेणं नाही हे वर लिहिलंच आहे, आणि ते तसंच राहील. पण तिला ते हवं आहे. तेव्हा गुडघा जरा बरा असेल तर येत्या रविवारी तू आमच्याकडे जा आणि विषय काढून त्या 'पण'च्या पुढे काय आहे ते विचार. बाबा जगात फक्त तुझ्यापुढे खरं बोलतात. मी विचारायला सांगितलं हे कळता कामा नये.

ता. क. तिसरा. विचारताना त्यांना फ्रिजला टेकू दे आणि आईला सांग, दूध आधीच ठेवून घे. फ्रिजवरची चकती मी काढलेली नाही. रोज संध्याकाळी ऐकतो (निव्वळ यंत्र चालू आहे ना हे बघायला). बाबा कोर्टातून आले की येऊन टेकतात. बोलत काही नाहीत. फ्रिजमधून नुसता त्यांचा श्वास येतो, बराच वेळ, आणि मग पाठ सुटते. रविवारी तीही इथे माझ्या शेजारी ऐकायला बसणार आहे, खुंटी मी आधीच तिच्या हातात दिली आहे. तेव्हा ते जे काही असेल, वाईट असलं तरी, तेवढं वाक्य त्यांच्याकडून पुरं करून घे. आणि बाबांनी विचारलंच, घरात कोण आहे ऐकायला, तर कोणी नाही म्हणून सांग.