शारदीचा पाट

११ फेब्रुवारी १९६४

काल बाबा गेले. पाणी पाजायला वाटी घेऊन मीच उशाशी बसले होते. म्हणाले, "शारदीचा पाट राह्यला." बस्स, एवढंच! आणि तोंड भिंतीकडे केलं. देवाचं नाव नाही, मायचं नाव नाही. माझा पाट!

१२ फेब्रुवारी

घर माणसांनी भरलंय. जो तो शेवटचं काय बोलले ते विचारतो. वैजूदादा म्हणाला, "कांद्याच्या वाफ्याचा पाट. तिथं पानी पोचत नव्हतं." विहिरीजवळचा तो तुकडा माझा. नवरा गेल्यावर मी माहेरी आले, तेव्हा बाबांनी दिला. माय लगेच म्हणाली, "नाई रे! बसाचा पाट. त्याचा पाय मोडला होता न." दोघंही ठाम. मी आपली कधी ह्याच्याकडे बघते, कधी तिच्याकडे. रडू येतंय की आणखी काय, तेच कळत नाही.

१५ फेब्रुवारी

भेटायला येणारे सांगतात, देऊळघाटात बाबांच्या हातची तिफण नाही असं घर नाही. खरं असेल. मला भलतंच आठवतं. सकाळी शेत, दुपारून सुतारकी. कानावर पेन्सिल — आणि घरभर तीच शोधायचे! मायला म्हणायचे, "लाकूड ऐकते माहं, तू काऊन ऐकत नाई?" ती म्हणायची, "मंग लाकडाशीच लगन कराचं होतं!" हे लिहिताना हसले. सुतकात हसले!

मी पांढरं कपाळ घेऊन परत आले त्या दिवशी सगळे रडले. बाबा एवढंच म्हणाले, "भाकर खाल्ली का?" मग सुतारकीच्या सपरात जाऊन रंधा मारत बसले. फळी कधीच गुळगुळीत झाली होती, तरी मारत होते. फार आठवण येते त्यांची.

१८ फेब्रुवारी

सपरात गेले होते. बसायचा पाट भिंतीला टेकवून ठेवलेला. पाय नवा बसवलाय, घासूनपुसून तयार. झालाय की! मग राहिला कसा? म्हणजे दादाचंच बरोबर.

१९ फेब्रुवारी

दादाचंही बरोबर नाही! मळ्यात जाऊन पाहिलं. कांद्यात पाणी छान खेळतंय. दादा डोकं खाजवत म्हणाला, "बाबानंच खोदला असन, बिमार पडाच्या आधी." मग कोणता पाट? जाणारा माणूस बरळला असेल, झालं. पण बाबा बरळणाऱ्यातले नव्हते.

२३ फेब्रुवारी

काल तेरवी झाली. सगळे पांगल्यावर पुंजाजीकाका — बाबांचे जुने सोबती — ओट्यावर थांबले. "पोरी, आता तुह्या पाटाचं कसं कराचं? तुह्या बापानं डोनगावच्या शालिग्रामाशी बोलनं लावून ठेवलं. मानूस चांगला हाय. बायको वारली, लेकरू नाई. तुले इचारनार होता, तं तेवढ्यात बिमार पडला."

पाट लावायचा! माझा! नवरा गेलेल्या बाईचं दुसरं लग्न म्हणजे पाट, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. मलाच कसं सुचलं नाही? माझ्यासाठी तो शब्द कुणी काढेल असं वाटलंच नव्हतं.

आधी राग आला. मग छातीत काहीतरी उडालं — आनंदच होता तो, खोटं काय लिहायचं? मग लाज वाटली. बाप जाऊन किती दिवस झाले, आणि मी शालिग्राम दिसायला कसा असेल ते योजत होते! बाबा, पुरतं वाक्य बोलायला काय झालं होतं तुम्हाला?

२४ फेब्रुवारी

काहीच ठरेना. हो म्हणावंसं वाटतं, पुन्हा नको वाटतं. कांदेही आत्ताच धरायला लागलेत. आणि मायला कोणत्या तोंडानं सांगू? ती बिचारी अजून लाकडाच्या पाटावरच अडून आहे.

२५ फेब्रुवारी

मायला सांगितलं. तिचा भाकर थापणारा हात थांबला नाही.

"मले तवाच समजलं होतं वं," ती म्हणाली. "पन आता तू बी गेली, तं म्या या घरात कोनाशी बोलाव?"