जयाचं परडं

रिहे, ता. मुळशी
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस, १९५९

प्रिय जयाक्का,

हे पत्र कुणाचं ते कळून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, तर ती तशीच राहू दे. तुझ्या जागी मी असते तर न वाचताच चुलीत घातलं असतं. मी रत्ना. ज्या घरानं काडीमोड करून तुला नांदे गावी, तुझ्या माहेरी धाडलं, त्या घरात तुझ्यामागून आलेली. तुला आक्का म्हणायचा हक्क मला कुणी दिलेला नाही, पण दुसरं काय म्हणू? वाल्मीकदादा वाचून दाखवत असतील तर त्यांनी ऐकलं तरी चालेल, भावानं ऐकावं असंच आहे.

आधी तुझ्या परड्याची खबर सांगते. हो, तुझंच. आळीत अजून कुणी त्याला माझं म्हणत नाही. न्हाणीचं पाणी तू ज्या दांडानं केळीकडे नेलंस तो दांड तसाच आहे. खरकटं पाणी अळूला, अंघोळीचं केळीला. कुडावरचा घेवडा यंदा असा माजलाय की सकाळी शेंगा तोडाव्यात तर संध्याकाळी पुन्हा लगडलेला. तू लावलास तेव्हा शेवगा हातभर होता म्हणे. आता सासूबाई त्याच्या सावलीत बसून मला शिव्या देतात.

पहिल्या वर्षी मला काही येत नव्हतं. बी धरायचं सोडून मी कोवळ्या शेंगांचा फडशा पाडला, आणि मृगाच्या तोंडावर बघते तर मडक्यात एक दाणा नाही. रडायलाच बसले. तेव्हा शेजारच्या धोंडाबाई पदरात मूठभर घेवडा घेऊन आल्या. म्हणाल्या, "घे. जयाचंच बी हाय. आमच्यात तिनंच दिलं व्हतं." मग कुशाबांच्या घरून दुधीचं आलं. डोंगरावरच्या वाडीतून मोळी विकायला येणाऱ्या कोंडाबाईनं काकडीचं आणलं. तू जाताना बरोबर काही नेलं नाहीस, पण आळीभर पेरून गेली होतीस. मला तेव्हा तुझा राग आला, खोटं कशाला बोलू. घरातून गेलेली बाई दर पावसाळ्यात उगवून येते म्हणजे काय!

तो राग फार टिकला नाही. कुडाबाहेर लोंबलेलं फळ शेजाऱ्याचं, ही तुझी रीत मी मोडली नाही एवढंच माझं पुण्य. बांधावरून आपल्या घराशी वाकडं असलेल्या कुशाबांच्या घरात तुझा दुधी आधी गेला आणि बोलणं मागून सुरू झालं, असं धोंडाबाई सांगतात. भादव्यात कणगी तळाला गेली की आळीतल्या निम्म्या चुलींवर आपलंच अळू शिजतं. कोंडाबाईच्या नातीला दिवस मावळला की दिसायचं नाही. कोंडाबाईनं शेवग्याचा पाला नेऊन तिला सतत खाऊ घातला, आता ती पोर दिवेलागणीला शेरडं हाकून आणते. बायका भाजी न्यायला येतात आणि कुडाशी घटकाभर बोलून मोकळ्या होतात. ज्या घराच्या पुढच्या दारी कुणी टेकत नाही, त्याच्या मागच्या दारी गर्दी असते.

आपण एकदाच भेटलो, आठवतं? पौडच्या बाजारात. मी टोपली घेऊन बसले होते, तू समोर आलीस. तू एक शेंग उचललीस, मोडून बघितलीस आणि म्हणालीस, "जून झाल्यात. आधी तोडायच्या." आणि गेलीस. मला वाटलं होतं तू शिवी देशील. दिली असतीस तर बरं झालं असतं, मला इतकं लागलं नसतं.

माझे वडील घर बघायला आले तेव्हा तुला जाऊन फार दिवस झाले नव्हते. ते सरळ मागच्या दारी गेले, परड्यात उभे राहिले आणि परत येऊन आईला म्हणाले, "असलं हिरवं परडं हाय, पोर उपाशी न्हाई राहायची." ते कुणी लावलं हे त्यांनी विचारलं नाही. पहिलीत दोष होता म्हणून काडीमोड केली, एवढं सांगितलं होतं. ते त्यांनी मानलं, आणि मीही मानलं. तुझ्या वेलाखाली माझं लग्न ठरलं, आक्का. तुझ्याच घामानं मला तुझ्या जागी आणून बसवलं.

आता माझीही ओटी रिकामीच आहे. गेल्या उन्हाळ्यात मला पुण्याला डॉक्टरणीकडे नेलं. तिनं तपासून सांगितलं, "हिच्यात काही कमी नाही, मालकांना घेऊन या." एसटीत सासूबाई म्हणाल्या, "तिला काय कळतंय!" आणि यांनी खिडकीबाहेर तोंड केलं. ते वाईट नाहीत, पण त्या दिवसापासून परड्याकडे बघत नाहीत. म्हणजे दोष तुझ्यात नव्हता. हे कळल्याबरोबर पळत नांद्याला यायला हवं होतं. आले नाही, कारण भाकरी या घरची खाते.

आता घरात चुना लावणं चाललंय. जांब्याचे कोंडाजी येत्या रविवारी घर बघायला येणार आहेत, आपल्या लेकीसाठी. मला तेवढ्यापुरतं माहेरी जायला सांगितलंय आणि वर हुकूम, की जाण्याआधी परड्यात एक पिवळं पान दिसता कामा नये. घरचे त्यांना काय दाखवणार आहेत, ते तुला सांगायला नको. मी दांडाला मातीही लावली होती. म्हटलं, वाळू दे सगळं. तेवढ्यात धोंडाबाई आपल्या बाळंतीण सुनेसाठी शेवग्याच्या शेंगा मागायला आल्या आणि कोंडाबाईची नात टोपली घेऊन कुडाशी उभी राहिली. मी माती काढली. इतक्या जणांच्या तोंडचं वाळवायला ते माझं एकटीचं नाहीच. पण रोज पाणी घालताना वाटतं, या पाण्यावर मी तिसरीला बोलावतेय.

म्हणून हे पत्र. धोंडाबाई नांद्याला त्यांच्या माहेरी येतायत, त्यांच्या हाती धाडते. रविवारी ये, मागच्या दारानं ये. मी माहेरी जाणार नाही. तुझी जागा घेऊन वर तुलाच हाक मारते, याची लाज वाटते, पण दुसरं कुणी नाही. आपण दोघी परड्यात शेंगा तोडत उभ्या राहू. त्यानंतर मला या घरात कुणी ठेवायचं नाही, ते तेव्हा बघू. कोंडाजी विचारतील, परडं कुणी लावलं? तू म्हण, "मी." मी म्हणेन, "आणि मागून मी." लेकीचा बाप आहे, पुढचं त्याला कळेल. रविवारसाठी घेवडा मी तोडायचा थांबवलाय. जून व्हायच्या आत ये.

तुझीच,
रत्ना