धुराविरुद्ध माझा एकट्याचा लढा

५ जानेवारी
आजपासून हवेच्या बाजूनं उभं राहायचं. गावात दुसरं कुणी उभं राहणार नाही. सगळी मेंढरं.
घराला लागून आकारामतात्यांचं गुऱ्हाळ. चिपाडं ओली असली की चुलाणात जुने टायर ढकलतात. काळा धूर थेट आमच्या दारात, आणि थोरल्या बहिणीला, आक्काला, दमा. घर तिच्या शिलाईवर चालतं. (मी सध्या करिअर शोधतोय.) डॉक्टरांनी सांगून टाकलंय, धूर थांबवा, नाहीतर गाव सोडा.
गाव का म्हणून सोडायचं? कायदा आहे की.

६ जानेवारी
सव्वीसच्या ग्रामसभेत तात्या ठराव आणणार. गुऱ्हाळांना हवेच्या कायद्यातून सूट द्या म्हणे. आम्ही काय नाक घरात ठेवून फिरायचं? अडाणी लोक. भर सभेत एकेकाचं वस्त्रहरण करणार.
कायदा वाचायला घेतला. सुरुवातीला नुसत्या व्याख्या. झोप लागली. सार कळलं.

९ जानेवारी, सकाळ
पुरावा पाहिजे. टायर जळतानाचा व्हिडिओ काढायला निघालोय. मोबाईल फुल चार्ज.

९ जानेवारी, संध्याकाळ
व्हिडिओ निघाला नाही. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला कोरड्या तोंडानं पाठवत नाहीत, ही आपल्याकडची रीत. तात्यांनी आधी रस दिला, मग गरम काकवी, मग शेंगदाणे घातलेला गूळ. दोन्ही हात चिकट. चिकट बोटांना टच चालत नाही. टेक्निकल अडचण.
टायर मात्र डोळ्यांनी पाहिले. साक्षीदार म्हणून मी एकटा बास आहे.
तात्यांनी आक्कासाठी गुळाचा मोठा खडा दिला. तिनं हुंगला आणि उंबऱ्याबाहेर ठेवला. आमच्या घरात व्यवहार फक्त मलाच कळतो.

१६ जानेवारी
बॅनरच्या कापडासाठी इचलकरंजीला गेलतो. मित्र अभिनंदनचे लूम आहेत. तिथं नेमक्या व्हॉलीबॉलच्या मॅचेस लागल्या. एका टीमला माणूस कमी. समाजाला नाही म्हणता येत नाही. मुक्काम वाढला.
कापड राहिलं. टॉवेल आणला.

२१ जानेवारी
आक्का आता बसूनच झोपते. आडवं झालं की छाती भरते. विचारत होती, सभेत तू बोलतोस का मी बोलू. म्हटलं, तुला दोन वाक्यांत धाप लागती, लोक हसतील. माझ्यावर सोड. भाषण डोक्यात तयार आहे, फक्त शब्द बसवायचेत.

२५ जानेवारी
तात्या स्वतः घरी आले. म्हणाले, गावात आवाज म्हणावा तर तुझा, उद्या सभेचा माइक तूच सांभाळ.
शत्रूनं आपल्या हातानं माइक दिला! याला राजकारण म्हणतात. मुरलेल्या पुढाऱ्यांना जमत नाही.
एकच पेच. सूत्रसंचालकानं स्वतःचं मत मांडायचं नसतं. भाषण मागं ठेवावं लागणार.

२६ जानेवारी
फेटा छान बसला.
ठराव मीच वाचला. टाळ्या पडल्या, त्या आवाजाला होत्या, ठरावाला नव्हे. हात वर झाले. तात्यांच्या कागदावर पुढं ‘एकमताने मंजूर’ असं होतं, तेही वाचलं. कागद बदलायचा मला अधिकार नाही.
तेवढ्यात मागच्या रांगेतून आक्का उठली. खांबाला धरून, थांबत थांबत म्हणाली, “सम्राट, हिथं विरोधात एक हात वर हाय. दिसंना व्हय तुला?”
सगळ्या माना माझ्याकडं. सूत्रसंचालकानं भावनेच्या भरात जायचं नसतं. मी आभार प्रदर्शन घेतलं.
तात्यांनी पाठ थोपटली. जरा जोरात.

२८ जानेवारी
आक्का आजऱ्याला गेली, मावशीकडं. कायमची. शिलाई मशिनही नेलं. टेम्पोत चढवायला मीच हात लावला. म्हटलं, आक्का, दिल्लीपर्यंत जातो, कायद्याला धक्का लागू देत नाही, मग तुला वाजतगाजत परत आणतो. तिनं टेम्पोची काच वर केली.
गाव बुद्दू आहे, त्याला माणसाची किंमत नाही.
संध्याकाळी चहा करावा म्हटलं. साखर कुठल्या डब्यात असते, माहीत नाही. तात्यांकडं गेलो. चहा झाला. चुलाणात जाळ घालणारा जळव्या आज आला नव्हता. तात्या म्हणाले, “बसलाईसच तर तेवढं जाळाकडं बघ की.”
टायर दिसतो त्यापेक्षा जड असतो.