पाच पडदे आणि पाडव्याचं कुंकू

१२ मार्च २०२६, गुरुवार. सकाळी ७.४०. वाडी, खोलीवर.
केबलच्या टोकांना लावायच्या चिठ्ठ्या कापत बसलो आहे. १ ते ५. दोन्ही टोकांना एकच आकडा, म्हणजे दहा चिठ्ठ्या. बारा कापल्या. दोन जास्तीच्या असू द्याव्यात.

माझं स्वतःचं पहिलं काम. प्रताप नगरातलं पुष्पाकाकूंचं नाश्त्याचं दुकान. भिंतीवरचा रंगवलेला दरफलक काढून पाच स्क्रीन लावायचे: तीन दराचे, एक 'आजचे विशेष', एक टोकन नंबरचा. पाडव्याच्या सकाळी सुरू पाहिजेत.

चार वर्षं प्रमोदभाऊंच्या हाताखाली कॅमेरे लावले. कॅमेऱ्याला नेटवर्कच्या एकाच केबलमधून चित्रही जातं आणि वीजही. तशाच केबलवर चालणारे स्क्रीन मिळतात हे मीच काकूंना सांगितलं. प्रत्येक स्क्रीनमागे प्लग नको, नव्या टाइल्स फोडायला नकोत. भिंतीला वाफेची ओल असते. मागच्या वर्षी आचारी चंदूभाऊंना तिथल्याच बोर्डाचा झटका बसला होता. या केबलमधला विजेचा दाब कमी, तसा झटका बसत नाही. मागच्या खोलीत पाचही केबलना वीज पुरवणारा एक डबा, त्याला एक इन्व्हर्टर. लाइट गेली तरी पाचही चालू.

सांगताना सगळं येत होतं. आता वाटतं, एकाच तारेत चित्र आणि वीज एकमेकांत मिसळत कशी नाहीत? अकरावी सुटली नसती तर कदाचित...

१३ मार्च, शुक्रवार.
प्र.भाऊंकडे कनेक्टर दाबायचा पाना मागायला गेलो. दिला, पण ऐकवून.
"काहून गा संदेश, ठेकेदार झाला म्हणते तू?"
म्हटलं, एकच काम आहे भाऊ.
"कॅमेरा पाखरासारखा खाते, टीव्ही बैलासारखी. एका दावणीले पाच बैल बांधून राहिला तू. चारा मोजून घेजो."
टोमणा होता. तरी लिहून ठेवतो. भाऊ टोमण्यातच शिकवतात. पण प्रत्येक टोमण्यात शिकवण असतेच असं नाही.

१६ मार्च, सोमवार.
दुकानाचा सुट्टीचा दिवस, म्हणून आजच बसवले. शटर खाली ओढून घेतलं, नाहीतर लोक समोसे मागायला आत येतात. एकाने तरीही खालून डोकं घातलं. चंदूभाऊ म्हणाले, "आज टीव्ही तळून राहिलो, खातं का?"

काकूंना डबा दाखवला, म्हटलं हा स्विच.
"बटन कुठी आहे?"
बटण नसतं, पाचही केबल यातच येतात.
"मंग स्विच काहून म्हनतं त्याले?"
मी चिठ्ठ्यांचे आकडे जुळवत केबल लावत गेलो.

दुपारी १२ ते ६ पाचही चालू ठेवून पाहिले. एकदाही बंद पडले नाहीत. दराच्या यादीतलं 'साबूदाना ऊसळ' मी 'साबुदाणा उसळ' केलं. काकू: "राहू दे तसंच. लोकं वाचत नाही, वासानं येतात."

१९ मार्च, गुरुवार. पाडवा.
सकाळी ७ ला सुरू केले. काकूंनी कुंकू ओलं कालवून प्रत्येक स्क्रीनच्या खालच्या चौकटीला, बरोबर मधोमध, बोट टेकवलं. मग हळद. मग एक पेढा माझ्या हातात आणि एक डब्यावर.
दिवसभर उत्तम. चारला क्लासची पोरं आली. टोकनचा नंबर पाहून पोरं आपोआप पुढे येत होती, कोणी ओरडत नव्हतं. चंदूभाऊ म्हणाले, कानाला आराम झाला.
मौद्याला काकूंचे भाऊ असंच दुकान टाकत आहेत. तिथे आठ स्क्रीन. काकू म्हणाल्या, "महिनाभर इथं चांगलं चालू दे, मंग तुलेच देतो." काम मिळालं तर प्र.भाऊंकडे परत जावं लागणार नाही.

२० मार्च, शुक्रवार.
सकाळी जाऊन पाचही स्क्रीन मऊ कापडाने पुसले. कुंकवाचे ओघळ आले होते, चौकटीही पुसून घेतल्या.
दु. ४.१० ला टोकनचा स्क्रीन बंद. स्वतःच सुरू. दोन मिनिटांनी परत बंद. चाळीस पोरं काउंटरवर. एकाच्या आलुबोंड्यावरून दोघांचं भांडण. ५.४५ नंतर सगळं ठीक. मी काहीच केलं नाही, आणि ठीक.
काकू: "सणाचं कुंकू कोणी पुसते का गा?"
मी हसलो. हसायला नको होतं.

२१ मार्च.
परत ४ च्या सुमारास. टोकनची केबल बदलली. बंदच पडतो.

२२ मार्च.
पहिल्या केबलमध्ये तांबं कमी असेल अशी शंका. पाचही केबल नव्या, पूर्ण तांब्याच्या घेतल्या. प्र.भाऊंकडून २,००० उसने. कशाला हवेत ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, त्याचंच जास्त वाटलं.
दु. ३.५५ ला बंद.

२४ मार्च, मंगळवार.
टोकनचा स्क्रीन डब्याच्या पहिल्या भोकात लावला, 'आजचे विशेष' पाचव्या भोकात. टोकन चालू राहिला, 'आजचे विशेष' बंद पडला.
म्हणजे पाचवं भोक खराब. तोच सहाव्यात लावला. तिथेही बंद.
म्हणजे स्क्रीन खराब नाही, केबल खराब नाही, भोक खराब नाही. जो सगळ्यात शेवटच्या भोकात तो बंद पडतो. सकाळी पडत नाही. सुट्टीच्या दिवशी पडला नाही. पाडव्याला पडला नाही.
तीनदा वाचलं. कळत नाही. कोणाला विचारू? विचारायला माणूस एकच, आणि त्याचे दोन हजार अजून...

२७ मार्च, शुक्रवार.
काकूंनी जुना रंगवलेला फलक माळ्यावरून काढून पुसून ठेवला आहे.
मग त्यांनीच कुंकू कालवलं आणि पाचही चौकटींना परत लावलं. "आता हात नको लावजो याले."
चार वाजले. साडेचार. सहा. एकही बंद पडला नाही.
चंदूभाऊ माझ्याकडे बघत होते. मी डब्याकडे बघत होतो.

२८ मार्च.
आजही नाही. मला जेवण गेलं नाही. बंद पडत होता तेव्हा निदान काहीतरी शोधत होतो.

२९ मार्च, रविवार.
दु. ४ ला गेलो. दुकान पश्चिमेला तोंड करून आहे, ऊन थेट काउंटरवर येतं. मधल्या स्क्रीनचं कुंकू वाळून गळून पडलं होतं. तो एकटाच बाकीच्यांपेक्षा पांढराफटक उजळ.
जवळ गेलो. जिथे कुंकू होतं तिथे चौकटीत मोहरीएवढं भोक. त्यावर अंगठा ठेवला. स्क्रीन मंद झाला. काढला, उजळ झाला. परत ठेवला. चंदूभाऊ म्हणाले, "टीव्हीले गुदगुल्या करून राहिला काय?"
ते भोक उजेड बघतं. बाहेर ऊन जास्त, तर स्क्रीन आपला उजेड वाढवतो. उजेड वाढला की खाणं वाढतं.
डब्याचं खोकं काढलं. प्रत्येक भोकाला ३० वॅट, हे मी वाचलं होतं. खाली बारीक अक्षरात: सगळी मिळून १२०. तेही वाचलं होतं. बेरीज केली नव्हती. पूर्ण उजेडात एक स्क्रीन २५ खातो. पाच पंचे सव्वाशे. पाच वॅट कमी पडतात, म्हणून डबा शेवटच्याला उपाशी ठेवतो.
सुट्टीच्या दिवशी शटर खाली होतं. पाडव्याला कुंकू होतं. आणि पुसलं मी.
चारा मोजून घेजो.

३० मार्च, सोमवार.
उजेड कायमचा कमी करून ठेवता येतो, पण मग उन्हात टोकन दिसत नाही. आताच, कुंकवाने मंद झालेला, पोरं डोळ्यांवर हात धरून नंबर वाचतात. खरा उपाय मोठा डबा.
सुट्टी होती तरी काकूंकडे सांगायला म्हणूनच गेलो. त्या भावाशी फोनवर बोलत होत्या. "आठही लाव. पोरगा चांगला आहे, पुसापुशी जास्त करते, बस. कुंकू मी येऊन लावतो."
फोन ठेवून म्हणाल्या, "काहून आला होता?"
म्हटलं, असंच. चहा घेतला.
डब्यात कमी पडतं हे सांगितलं तर चूक माझी. नाही सांगितलं तर मौद्याला आठ स्क्रीन, तिथेही हेच होणार, आणि कुंकू रोज तर कोणी लावणार नाही.

३१ मार्च, मंगळवार. सकाळी ६.१५.
प्र.भाऊंचा पाना पुसून पिशवीत ठेवला. आज परत द्यायचा. तेव्हा बैलांचं सांगेन. बहुतेक.

खर्च: दुसरी केबल ३,४००. कनेक्टर २४०. पेट्रोल ६२०. एकूण ४,२६०.
येणं: काकूंकडून मजुरीचे बाकी ३,०००.
देणं: प्र.भाऊ २,०००.
मोठा डबा ११,५००. हा आकडा काकूंकडून घ्यायचा म्हणून येण्यात लिहिला, खोडला. मीच भरायचा म्हणून देण्यात लिहिला, खोडला. आता खाली वेगळ्या ओळीवर ठेवला आहे. दुकान ७ ला उघडतं, तोवर कुठल्या बाजूला लिहायचा ते ठरवायचं आहे.