वाफ कोणी सोडली

२२ फेब्रुवारी

ती. भाऊजींना,
नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जीभ मात्र शाबूत आहे. शेजारीण सांत्वनाला आली आणि म्हणाली, "चांगल्या माणसांना देव लवकर नेतो." सासूबाई म्हणाल्या, "मग तू शंभरी गाठशील." हे गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसले, आणि हसता हसता रडू फुटलं.

तुम्ही अंत्यविधीनंतर आलाच नाहीत. कामाचा ताण असेल, असं मी सगळ्यांना सांगते.

काल यांचा जोडीदार आला होता. त्या दिवशी बॉयलर साफ करायला दोघं बरोबरच आत उतरले होते. त्याच्या हातांच्या पट्ट्या अजून सुटलेल्या नाहीत. मी विचारलं, "कंपनीवाले म्हणतात, हे परवानगीशिवाय आत गेले. खरं काय?"

तो खाली बघत म्हणाला, "साहेबांनीच पाठवलं होतं, वहिनी. मी पाणी प्यायला बाहेर आलो, तर साहेब वर कंट्रोल रूमला फोन करत होते, आत कोणी नाही, वाफ सोडा. मी ओरडलो, धावलो..."

"वर कोण होतं?"

"तुमचे भाऊजी," तो म्हणाला. त्या शिफ्टला वर तुम्ही होतात.

मी सासूबाईंपासून लपवणार होते, पण त्या दाराआड उभ्या होत्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "थोरल्याला बोलाव. एक गेला, दुसरा जिवंतपणी घालवू का?"

भाऊजी, तुम्हाला सांगितलं तसं तुम्ही केलंत. तुमच्यावर राग धरून पाहिला, टिकला नाही. पण मेलेल्या माणसाच्या माथी दोष मारतात आणि त्याचा सख्खा भाऊ तोंड उघडत नाही, हे सोसवत नाही. जोडीदार ठेकेदाराचा माणूस, त्याचं कोण ऐकणार? तुम्ही कंपनीचे. आणि तो फोन तुम्ही उचललात.

सोमवारी चौकशी आहे. बोललात तर नोकरीवर गदा येईल, हे मला कळतं. तरी बोला.

आणि मग घरी या. न बोलता आलात तरी सासूबाई दार उघडतील, त्या आई आहेत. मी मात्र तुमच्यासमोर येणार नाही.

तुमच्या धाकट्या भावाची बायको
(दुसरा शब्द लिहायला हात धजत नाही)